रात्री दोन वाजता कान ठणकतो तेव्हा

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत रात्री-अपरात्री एखादं मूल किंचाळून रडायला लागलं की तिन्ही मजल्यांवरच्या बायका जाग्या व्हायच्या आणि अंथरुणात पडल्यापडल्याच निदान करायच्या. भुकेचं रडणं वेगळं, पोटदुखीचं वेगळं आणि कानाचं वेगळं. कानाचं रडणं म्हणजे मूल आडवं केलं की वाढणारं, उभं खांद्यावर घेतलं की जरा ओसरणारं. मग गॅलरीतला दिवा लागे, कडी वाजे आणि हाक येई, "अहो वहिनी, लसूण आहे का घरात, की देऊ?"

लसणाची पाकळी टाकून कडकडवलेलं तेल, कोमट झालं की दोन थेंब कानात, वर कापसाचा बोळा. हे तेल माझ्याही कानात कितीदा पडलं असेल त्याची गणती नाही. डाव्या कानात जास्त. तो डावा कान आज निम्म्याहून कमी ऐकतो. लग्नाच्या पंगतीत मी मुद्दाम डाव्या टोकाचं पान धरते, म्हणजे सगळी माणसं उजव्या कानाच्या बाजूला येतात.

तेलानेच कान गेला असं मी म्हणणार नाही. माझा कान आधी फुटला होता, पडद्याला भोक पडलं होतं. पण त्या भोकातून तेल गेलं, अंघोळीचं पाणी गेलं, आणि "मोठी झाली की थांबेल" या आशेवर पाच-सहा वर्षं गेली. आई-आजीची माया काही कमी नव्हती. त्यांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती आणि तीच सांगायला आज तुमच्याशी बोलते आहे. मुलांचा जो कान रात्री असा ठणकतो, त्याचं दुखणं बाहेरच्या भोकातून आत शिरलेलं नसतं. ते नाकाघशातून, मागच्या दाराने आलेलं असतं. आणि त्या मागच्या दारावर आपल्या शरीराने जन्मापासून पहारा बसवलेला असतो. हा पहारा कसा चालतो ते एकदा कळलं, की त्या रात्री काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते पाठ करावं लागत नाही.

कानाची घरगल्ली

गिरगावातल्या जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन समजेल. पुढे रस्त्याकडे तोंड केलेली गॅलरी, मध्ये खोली, आणि मागे अंधारी घरगल्ली. कानाचं असंच आहे. आपल्याला दिसतं ते भोक आणि त्यातली वाकडी नळी म्हणजे पुढची गॅलरी. ती जिथे संपते तिथे कानाचा पडदा ताणून बसवलेला आहे. हे बंद दार. पडदा धड असेल तर बाहेरचं पाणी किंवा जंतू त्यातून पलीकडे जात नाही. पडद्यामागे वाटाण्याच्या दाण्याएवढी हवेची खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. शरीरातली सगळ्यांत लहान तीन हाडं याच खोलीत एकमेकांना टेकून उभी असतात आणि पडद्याची थरथर आतल्या कानाकडे पोचवतात. आणि या खोलीच्या मागून एक बारीक नळी निघते ती थेट नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकात इटलीतल्या युस्टाकी नावाच्या वैद्याने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून डॉक्टर तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण कंठकर्ण नळी म्हणू.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि घशाकडे चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मी, आणि उताराची म्हणाल तर आडवीच. म्हणजे मोठ्यांच्या कानात जायला घसरडा जिना चढावा लागतो, आणि बाळाच्या कानात सपाट वाटेने चालत जाता येतं! सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे कान सगळ्यांत जास्त दुखतात त्याचं मोठं कारण हेच. मूल वाढतं तशी नळी लांब होते, उतार येतो आणि सहा-सात वर्षांनंतर बहुतेकांची ही कटकट कमी होते. "मोठी झाली की थांबेल" हे आजीचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, पाहा. फक्त ते दुखऱ्या कानाला लागू होतं, फुटून वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाला नव्हे.

ही नळी एरवी मिटलेली असते आणि तशीच ती हवी. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूतला एक स्नायू तिला क्षणभर उघडतो, थोडी हवा आत जाते आणि पुन्हा मिटते. पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात कानाला दडे बसतात आणि लिमलेटची गोळी चघळली की "टक्" होऊन मोकळे होतात, ते या नळीचंच काम. सर्दीत नळीचं अस्तर सुजतं, ती उघडेनाशी होते. आतल्या खोलीतली हवा भोवतालचं अस्तर शोषून घेतं, पडदा आत ओढला जातो आणि खोलीत पाणी झिरपायला लागतं. जंतूंना याहून चांगली जागा कुठली? ज्या मुलांची टाळू जन्मतः फाटलेली असते त्यांच्यात हा स्नायू नीट ओढू शकत नाही, आणि अशा जवळजवळ सगळ्याच मुलांना कानाचा त्रास होतो. त्यावरून त्या स्नायूची किंमत कळते.

झाडूवाले आणि फ्लेमिंगसाहेबांचं नाक

आता पहारेकरी. पहिला पहारा झाडूवाल्यांचा. नळीच्या आतल्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते आणि तिच्यावर बुळबुळीत चिकट थर. स्पष्टच बोलायचं तर शेंबूड. पण नाक मुरडू नका, त्याच्यासारखा इमानी नोकर नाही. धूळ, जंतू जे काही आत येईल ते या थरात चिकटतं आणि खालची लव एका तालात हलून तो थर सतत घशाच्या दिशेने ढकलत राहते. कानाकडून घशाकडे, कायम. तिथून आपण तो गिळून टाकतो आणि पोटातलं आम्ल पुढचं पाहून घेतं. काही मुलांच्या शरीरातली ही लव जन्मतःच हलत नाही. दुर्मीळ आजार आहे तो. पण अशा मुलांच्या कानात सतत पाणी साठतं, फुप्फुसंही बिघडतात. शहरात झाडूवाल्यांचा संप झाला की काय होतं ते आपण मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

या चिकट थरात नुसता चिकटपणा नसतो, औषधही असतं. १९२१ च्या हिवाळ्यात लंडनच्या एका प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःच्या नाकातला स्राव जंतू वाढवायच्या बशीत घातला. काही दिवसांनी पाहतात तो त्या स्रावाच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले! अश्रूंतही तोच गुण सापडला. मग काय, प्रयोगशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवून अश्रू गोळा करण्याचा सपाटा चालू झाला. त्या द्रव्याला लायसोझाइम नाव मिळालं आणि १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे १९२८ साली याच गृहस्थांना पेनिसिलिन सापडलं. ते जगभर गाजलं आणि बिचारं लायसोझाइम विसरलं गेलं. पण तुमच्या माझ्या मुलांच्या कंठकर्ण नळीत, नाकात, लाळेत ते आजही जंतूंच्या भिंती पोखरत बसलेलं असतं.

दुसरं एक द्रव्य आहे लॅक्टोफेरिन. हे फार हुशार. जंतूंना वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिन आजूबाजूचं लोह स्वतः धरून ठेवतं आणि जंतूंना उपाशी पाडतं. नावातच दूध आहे, कारण हे आईच्या दुधात असतं आणि पहिल्या दिवसांच्या चिकात तर भरपूर. गाईच्या चिकाचा खरवस करून आपण चवीने खातो, आणि बाळंतिणीचा चीक मात्र "घट्ट आहे, बाळाला पचणार नाही" म्हणून कित्येक घरांत पिळून टाकून द्यायचे. आमच्याच घरात माझ्या धाकट्या काकूंच्या वेळी टाकला. आज डॉक्टर पहिल्या तासातच बाळाला छातीशी धरायला सांगतात आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको म्हणतात. अंगावर पिणाऱ्या मुलांचे कान वरच्या दुधावरच्या मुलांपेक्षा कमी दुखतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

याशिवाय या अस्तरातल्या पेशी डिफेन्सिन नावाची बारीक प्रथिनं सोडतात, ती जंतूंच्या कातडीला भोकं पाडतात. एकेकट्याने कुणीच पुरा पडत नाही, पण सगळे मिळून बहुतेक वेळा जंतू खोलीपर्यंत पोचूच देत नाहीत.

पोचू देत नाहीत म्हणजे जंतू नसतातच असं नव्हे हं. न्यूमोकॉकस, हीमोफिलस, मोराक्सेला ही कान बिघडवणारी मंडळी कित्येक धडधाकट मुलांच्या नाकाच्या मागे भाडेकरूसारखी गुपचूप राहत असतात. साधी सर्दी होते, सर्दीचा विषाणू त्या लवेला लुळी पाडतो, नळी सुजते आणि भाडेकरू मालक व्हायला निघतात. म्हणून कान दुखतो तो सर्दीच्या पहिल्या दिवशी सहसा नाही, तीन-चार दिवसांनी.

ठणका म्हणजे काय?

झाडूवाल्यांना चुकवून जंतू खोलीत शिरलेच, तर दुसरी फळी उठते. तिथल्या पेशींवर जणू नाकं असतात. हा जंतू पूर्वी कधी भेटलेला असो वा नसो, "हे आपलं नाही, हे जंतूचं कातडं" एवढं त्या ओळखतात. ज्या उंदरांमध्ये ही ओळखण्याची सोय जन्मतः बिघडलेली असते, त्यांचे कान लवकर बरे होत नाहीत, हे प्रयोगशाळांत पाहिलेलं आहे. ओळख पटली की हाकाटी होते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची फौज त्या वाटाण्याएवढ्या खोलीत उतरते. त्या जंतूंना गिळतात, स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी आणि मेलेले जंतू म्हणजेच पू. जागा एवढीशी आणि गर्दी एवढी, त्यामुळे पडदा फुगतो, ताणला जातो. आपल्या मुलाला जो ठणका लागतो तो हा. ताप येतो तोही याच हाकाटीचा भाग. मूल आडवं केलं की तिकडचं रक्त वाढतं, दाब वाढतो, म्हणून ते झोपत नाही.

या गिळणाऱ्या पेशींचा शोध कसा लागला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याचा एक धागा आपल्या परळपर्यंत येतो. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ राहत होते. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हे गृहस्थ सूक्ष्मदर्शक घेऊन बसले. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्यांनी बागेतल्या गुलाबाचा काटा टोचला. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी घेराव घातलेला! पायात काटा मोडला की भोवती पू धरतो, ते आपण जन्मभर पाहतो. त्यांनी त्यातून शास्त्र काढलं. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

याच मेचनिकोव्ह यांचे ओडेसामधले विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ते इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. गुरूने पाहिलं ते उपजत सैन्य, जे कुणी शिकवावं लागत नाही. शिष्याने हाती घेतलं ते शिकवलेलं सैन्य. लस म्हणजे शत्रूचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. तान्ह्या बाळापाशी शिकवलेलं सैन्य फार थोडं असतं. पहिली दोन वर्षं त्याची सारी भिस्त उपजत पहाऱ्यावर आणि आईकडून मिळालेल्या शिदोरीवर.

हा पहारा किती समर्थ आहे ते ऐका. कान दुखणाऱ्या मुलांवर जगभर झालेल्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा असं दिसलं, की १० पैकी साधारण ६ मुलांचं दुखणं पहिल्या २४ तासांत थांबतं, मग अँटिबायोटिक दिलेलं असो वा नसो. अँटिबायोटिकला ज्या प्रकारचे जंतू मारायचे असतात ते बहुतेकदा या पांढऱ्या फौजेने आधीच आवरलेले असतात. म्हणून दोन वर्षांवरचं मूल, ताप बेताचा, कान वाहत नाही, अशा वेळी आता चांगले डॉक्टर कान तपासून म्हणतात, "दुखण्याचं औषध देतो, दोन-तीन दिवस बघू." अशा डॉक्टरांवर "औषधच दिलं नाही" म्हणून रागावू नका. त्यांनी कान बघितला आहे आणि कुणावर विसंबायचं ते त्यांना कळतं.

आपणच पहारेकऱ्यांचे हात बांधतो

आता जरा कडू बोलते. बाळाच्या अंघोळीनंतर निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, धूप टाकून धुरी द्यायची आपली पद्धत. दहा बाय दहाच्या खोलीत, खिडकी लावून. वास मलाही आवडतो, त्या वासाबरोबर माहेर आठवतं. पण धुराने ती लव मंदावते, अस्तर सुजतं. बाळाला धुरी नको. त्याहून वाईट विडी-सिगारेटचा धूर. "मी गॅलरीत जाऊन ओढतो" म्हणणाऱ्यांच्या कपड्यांना आणि केसांना तो चिकटून परत येतो. घरात हे बोलणं किती अवघड असतं ते मी जाणते. सासरेबुवांना कसं सांगायचं? माझ्या एका मैत्रिणीने डॉक्टरांनाच सांगायला लावलं, बाळाला घेऊन त्यांनाच दवाखान्यात पाठवून. ती युक्ती चालली.

न्हाऊ घालायला येणारी बाई कानात आणि नाकात तेल सोडते, तिला प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. नाकातलं तेल श्वासाबरोबर छातीतही जाऊ शकतं. अंगाला मालीश हवं तितकं करू दे.

बाटली असेल तर बाळाला पाळण्यात आडवं ठेवून तोंडात बाटली देऊन स्वयंपाकाला पळू नका. नळी सपाट असते हे आठवा. घशाच्या मागे साचलेलं दूध तिकडे सरकतं. डोकं उंच धरून, मांडीवर घेऊनच पाजा. टोपडं-कुंची घाला, थंडीत बाळ छान दिसतं. पण कानाला वारा लागून मधला कान पिकतो ही समजूत सोडा. वारा पडद्यापलीकडे जातच नाही.

आणि हेअरपिन! कानातला मळ हादेखील पहारेकरीच आहे, पुढच्या गॅलरीतला. तेलकट, आंबट, जंतूंना न मानवणारा, आणि आपोआप बाहेर सरकणारा. स्टेशनाबाहेर लाल फेटा बांधून कानकोरणी घेऊन फिरणारे कानसफाईवाले पूर्वी हमखास दिसायचे. त्यांच्या हाती कान देण्यात आणि घरच्या हेअरपिनीत मला फारसा फरक वाटत नाही.

मग रात्री दोन वाजता करायचं काय?

मूल उभं धरा किंवा उशी उंच करून डोकं वर ठेवा. पॅरासिटॅमॉलचं पातळ औषध घरात असू द्या आणि मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, रात्री बाटलीवरचं बारीक अक्षर वाचता येत नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घाला. मूल मोठं असेल तर नाक हळू, एकेक नाकपुडी दाबून शिंकरायला शिकवा. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर सगळं कानाकडे ढकललं जातं. कोमट दूध, पाणी घोटघोट द्या, गिळताना नळी उघडते. आणि त्या लसणाच्या तेलाने जो आराम वाटायचा तो उष्णतेचा होता. ती बाहेरून द्या. तव्यावर मऊ फडकं गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून, कानावर धरा. कानाच्या आत काही नाही. पडदा फुटला आहे की नाही हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, आणि फुटलेला असला तर तेल सरळ त्या खोलीत जातं. गेल्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक, किंवा शेजारच्या मुलाला लागू पडलेलं, तेही नाही.

पण वाट कुठे बघायची नाही, हे नीट लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ताबडतोब डॉक्टर. दोन वर्षांच्या आतलं मूल आणि दोन्ही कान दुखतात, १०२ च्या वर ताप, कानातून पू किंवा पाणी येतं, दोन-तीन दिवसांत उतार नाही, तर डॉक्टर. आणि कानामागचं हाड सुजून लाल झालं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं, मान ताठली, मूल गुंगीत गेलं किंवा सारखी ओकारी व्हायला लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. हाडात किंवा मेंदूकडे पू गेल्याची ती लक्षणं असतात. पहारेकरी हरतात, क्वचित हरतात, पण हरतात.

दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा कान हा वेगळाच आजार. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली केलेल्या पाहणीत हा आजार सर्वांत जास्त असलेल्या देशांत भारताचं नाव होतं. तो आपोआप जाईल म्हणून बसू नका. नायर, केईएमसारख्या इस्पितळांत कान-नाक-घशाचा विभाग असतो, पडद्याचं भोक बुजवायची शस्त्रक्रिया होते. माझी झाली ती तिशीत. कान कोरडा झाला, ऐकणं मात्र सगळं परत आलं नाही.

आणि एक दुखणं असं, की ज्यात मूल रडतच नाही. ठणका गेला तरी खोलीत पाणी राहतं, कधी डिंकासारखं घट्ट. दुखत नाही, ताप नाही, फक्त ऐकू कमी येतं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा दुसरीत असताना शाळेतून सारख्या चिठ्ठ्या आणायचा, लक्ष देत नाही, उलट उत्तर देत नाही, उत्तरच देत नाही. वडिलांचा मार खाल्ला त्याने. रात्री तोंड उघडं ठेवून घोरायचा. शेवटी आत्याने ओळखलं, मागून हाक मारली की हा वळतच नाही. नाकाच्या मागच्या गाठी वाढून नळीचं तोंड दाबलं गेलं होतं. गंमत अशी, की त्या गाठी म्हणजेसुद्धा पहारेकऱ्यांची चौकीच; फुगली की वाट अडवते. असं पाणी बहुतेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर त्यावर उपाय आहेत. तुमचं मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, "काय?" सारखं विचारत असेल, तर चापट मारण्याआधी कान तपासून घ्या.

लशीचंही सांगते. न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर, फुकट. अशीच एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, ती २०२० च्या डिसेंबरात बाजारात आली. लशीचं मुख्य काम न्यूमोनिया आणि मेंदूज्वर टाळणं. कानाचं सगळं दुखणं तिने जात नाही, पण त्या एका भाडेकरूची दादागिरी कमी होते.

गेल्या थंडीत रात्री दोनला डोंबिवलीहून लेकीचा फोन आला. चार वर्षांची नात कान धरून रडत होती. मागून सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता, त्या लसूण सोलत होत्या. लेक हळूच म्हणाली, "आई, तेल घालू का ग? त्या ऐकत नाहीत." मी म्हटलं, "त्यांच्याकडे दे फोन." विहीणबाईंना मी दुसरं काही सांगितलं नाही, माझ्या डाव्या कानाची गोष्ट सांगितली. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, तवा ठेवते."

सकाळी साडेसातला पुन्हा फोन. ताप उतरला होता आणि बाईसाहेब उपमा मागत होत्या. संध्याकाळी डॉक्टरांनी दिवा लावून कानात पाहिलं, पडदा गुलाबी आहे म्हणाले, परवा पुन्हा दाखवा.